रिकामी परत न आलेली झांपी

हळू. त्या बाजूनं धरू नका, तिथली दोरी जुनी झाली आहे. खालून हात लावा आणि मांडीवर घ्या. हां, आता ठीक. आत पिल्लू झोपलं आहे, त्याला धक्का नको.

मी झांपी. म्हणजे बांबूची, झाकणाची टोपली. विदर्भातून आलेली माणसं आधी मला टोपलीच म्हणायची, पण छत्तीसगडात, भिलाईत राहून त्यांच्याही तोंडात इथलं झांपी हेच नाव बसलं. आज तुम्ही मला पहिल्यांदाच घरी नेत आहात. आम्रपाली आत पिल्लाच्या औषधाची पुडी बांधते आहे आणि तुमचा ऑटो अजून आलेला नाही. तेवढ्यात माझं थोडं ऐका.

माझा जन्म दुर्गजवळच्या एका वस्तीतला. चंपा नावाच्या बाईनं मला विणलं. बांबूची कामटी पायाच्या अंगठ्यात धरून ती दोन्ही हातांनी सोलायची आणि विणताना सारखी गुणगुणायची. माझ्या काठाला तिनं पिवळा आणि गुलाबी रंग दिला. दुर्गच्या जुन्या बाजारात ती मला पुढ्यात ठेवून बसली, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ये बिहाव के झांपी आय." म्हणजे लग्नाची झांपी. ते ऐकून मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

आणि मी लग्नातच गेले. नवरीच्या साड्या, बांगड्या, आरसा, सगळं माझ्यात घालून तिला सासरी पाठवलं. भिलाईतल्या त्या घरात पहिले काही महिने मला कोणी जमिनीवरसुद्धा ठेवलं नाही. मग लोखंडी कपाट आलं. मी पलंगाखाली गेले. साड्या सांभाळणारी मी कांदे सांभाळू लागले. माणसांचं असंच असतं. नवी वस्तू आली की जुनीला ते टाकत नाहीत, तिच्यात कांदे भरतात.

शेजारच्याच क्वार्टरमध्ये आम्रपाली राहायची. तिचा नवरा प्रेमानंद प्लांटमध्ये, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात कामाला. प्लांटमधला माणूस रिटायर झाला की त्याला क्वार्टर सोडावं लागतं. मग ट्रक येतो. पंखे काढतात, कपडे वाळवायची तार काढतात, कुंड्यासुद्धा चढवतात. दाराशी वाढलेलं मांजर किंवा कुत्रं मात्र बहुतेक मागेच राहतं. गावाला कुठं नेता, असं म्हणून माणसं ट्रकमध्ये बसतात. अशाच एका बंद क्वार्टरच्या पायरीवर एक मांजरी पिल्लं घेऊन बसून राहिली होती. दार उघडेल म्हणून वाट पाहत होती. आम्रपालीला ते बघवलं नाही. ती शेजारणीकडे धावत आली आणि म्हणाली, "काहीतरी दे वं, झाकणवालं."

कांदे ओतले गेले. पिल्लं माझ्यात आली आणि कांद्याच्या वासानं सगळी मिळून शिंकली. मांजरी मागोमाग चालत आली. त्या दिवसापासून मी आम्रपालीची झाले.

पिल्लू कोणाला द्यायचं झालं की आम्रपाली एकच गोष्ट सांगायची. "पिल्लू तुमचं. झांपी माझी हाय, ते मले वापस पाहिजे." त्यात तिची एक युक्ती होती. आपल्या माणसांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. त्यामुळे मी कधी लाखोळीची डाळ, कधी कोचईची, म्हणजे अळूची पानं, कधी कोणाच्या गावची सीताफळं घेऊन परत यायचे. भाजी घेऊन आलेला माणूस चहाला बसायचा. आणि चहा पिता पिता आम्रपाली विचारायची, खातो का, झोपतो कुठं, रात्री रडतो का. तिला भाजी नको असायची, तिला खबर हवी असायची.

प्रेमानंद तिला चिडवायचा. "तू तं पोरी देऊन राहिली जशी. दिलं ना एकदा? आता सोड."

"दिलं म्हणून सोडते का कोणी? तुमच्या बहिणीले तुमी सोडलं का?"

"मी सोडलं होतं. तेच दर रविवारी येते."

हसत हसत तोच उठून एखाद्या कुत्र्याच्या औषधासाठी सायकल काढायचा.

पुढे त्यांनी स्मृति नगरात हे घर घेतलं आणि मी या व्हरांड्यात आले. किती जणांना पोहोचवलं, ते मी कधी मोजलं नाही. कुत्र्यांची पिल्लं माझ्यातून जायची आणि पुढच्या खेपेला माझ्याशेजारून चालत यायची, कारण ती माझ्यात मावायची नाहीत. कोणाचं कुत्रं चपला फाडायचं, कोणाच्या सासूला सुनेला दिवस गेल्यावर मांजर घरात नको असायचं, कोणाला लग्नाला गावी जायचं असायचं. आम्रपाली जायची, त्या घरात बसायची, ऐकून घ्यायची. लग्नाला गेलेल्यांचं कुत्रं या व्हरांड्यात राहायचं. देतानाच ती सांगायची, "याचं काहीही झालं तं मले सांगजा. हा हाय तोवर मी हाव."

पण ऐकलेलं सगळं माणसाला वेळेवर आठवतंच असं नाही. मथुराबाईंना आठवलं नाही. त्याचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

मथुराबाई आणि सुखराम ही गोंदियाकडची शेतकरी घरातली माणसं. सुखराम प्लांटमध्ये होते. त्यांच्या क्वार्टरमध्ये उंदीर झाले म्हणून मथुराबाईंनी पिल्लू मागितलं. मी आत गेले तेव्हा सुखराम खाटेवर बसून तक्रार करत होते. "मले मांजर नाही पाहिजे. मले फक्त उंदीर नाही पाहिजे."

"मंग तुमी धरता का उंदीर?" मथुराबाईंनी विचारलं.

सुखरामांनी झाकण उचललं. आत पिवळं, गोल, गरगरीत पिल्लू होतं. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हा तं आलूबोंडा हाय."

झालं. त्याचं नाव बोंडा पडलं. महिनाभरात तो सुखरामांच्या गमछ्यावर झोपू लागला, आणि सुखराम गमछ्याशिवाय ड्युटीवर जाऊ लागले. त्याला उठवायचं कसं, म्हणायचे. बोंड्यानं उंदीर धरलेला मात्र मी कधी ऐकला नाही.

त्यांच्या अंगणात सुखरामांनी लावलेलं मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड होतं. मी परत आले तेव्हा शेंगा इतक्या लांब होत्या की माझं झाकण लागेना. पुढे दर वर्षी बोंड्याला सुई टोचायला न्यायची वेळ आली की मथुराबाई मला मागून न्यायच्या, आणि दर वेळी मी अशीच डोक्यावर शेंगांचा तुरा घेऊन परत यायचे. ते दिवस आठवले की अजून मला त्या शेंगांचा हिरवा वास येतो.

मग सुखराम रिटायर झाले. ट्रक आला. पण बोंडा मागे राहिला नाही. ट्रकमध्ये पुढं मथुराबाई, त्यांच्या मांडीवर मी आणि माझ्यात बोंडा, अशी आमची वरात त्यांच्या मुलाच्या, पीयूषच्या फ्लॅटवर गेली. मागे राहिलं ते मुनग्याचं झाड. त्यानंतरच्या थंडीत सुखराम गेले. बोंडा गमछा सोडेना. मथुराबाईंनी तो धुवायलासुद्धा काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला सुईसाठी नेलं आणि त्यानंतर मी परत आलेच नाही. सगळा पावसाळा मी त्यांच्या कपाटावर बसून काढला. वरून मला सगळं दिसायचं. बोंडा वाळत चालला होता. सारखं पाणी प्यायचा आणि कुठंही करायचा, गादीवर, बुटांत, वर्तमानपत्रांवर. पीयूष नाइट शिफ्ट करून यायचा तेव्हा गादी ओली. तो वाईट मुलगा नव्हता. लहानपणी बोंड्याला शर्टात घालून शाळेत नेणारा तोच. पण थकलेला होता.

आम्रपालीचा फोन यायचा. "मावशी, बोंडा कसा हाय?"

"मस्त हाय वो. खाऊन-पिऊन झोपून हाय."

"अन् झांपी?"

"आणून देतो ना बाई. रिकामी कशी आणू? थोडं थांब."

फोन ठेवला की मथुराबाई बोंड्याच्या बरगड्यांवरून हात फिरवायच्या. एकदा त्या त्याच्याशीच बोलत होत्या. "तिनं भरोशानं देलं तुले. आता घाण करते म्हणून वापस नेऊन देऊ? कोणत्या तोंडानं जाऊ?" आम्रपालीनं दिलेला शब्द त्यांना मदतीचा वाटत नव्हता. तो त्यांना परीक्षेसारखा वाटत होता, आणि त्या नापास झाल्या होत्या.

शेवटी पीयूष म्हणाला, "आई, आता नाही होत. सुपेल्यात मच्छीवाल्यांजवळ सोडून देतो. तिथे त्याला खायला भेटेल." त्यानं मला खाली काढलं, धूळ झटकली आणि बोंड्याला आत ठेवलं. मला आधी जाणवलं ते त्याचं वजन. माझ्यात पहिल्यांदा आला होता, जवळजवळ तेव्हाएवढाच तो हलका झाला होता.

मथुराबाई म्हणाल्या, "मी पण येतो." ऑटोत त्यांनी मला कोणाला धरू दिलं नाही. झाकणाच्या फटीतून एक बोट आत घालून बसल्या. बोंडा ते बोट चाटत होता.

सुपेल्याच्या चौकात गर्दी होती. हॉर्न, हातगाड्या, माशांचा वास. पीयूष ऑटोवाल्याला म्हणाला, "बस भैया, साइड में रोक दो."

"नको थांबू, भाऊ," मथुराबाई म्हणाल्या. "स्मृति नगर चाल."

"आई, तिथे काय आहे?"

"झांपी वापस करायची हाय."

"आत्ता? रिकामी?"

"रिकामी कुठं हाय?"

पीयूषनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ऑटो पुढे निघाला.

आम्रपालीनं दार उघडलं. मथुराबाईंनी मला छातीशी धरलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मुनगा नाही आणला बाई. झाड तं तिकडच राहिलं."

आम्रपालीनं माझं झाकण उचललं. मग तिनं बोंड्याला दोन्ही हातांत घेतलं आणि म्हणाली, "भरूनच आणली ना झांपी? मंग दारात कावून उभ्या हा? आत या."

पीयूष बाहेरच घुटमळत होता. "ताई, मी तर याला सुपेल्यात सोडणार होतो," त्यानं खाली बघत सांगून टाकलं.

"तिथं कुत्रे हायत. गादी कोण धुते घरी?"

"मीच."

"मंग तुझा राग काही खोटा नाही. ये, चहा घे."

दुर्गच्या डॉक्टरांनी बोंड्याला तपासलं. मूत्रपिंडं थकली होती. बरा होणार नाही, पण सुखात ठेवता येईल, असं ते म्हणाले. घरी आल्यावर आम्रपालीनं विचारलं, "मावशी, इथं ठेवू का तुमच्या घरी नेता? दोनी चालते. लाजायचं नाही."

मथुराबाईंनी खूप विचार केला. "त्याचा गमछा घरी हाय," त्या म्हणाल्या.

मग मी बोंड्याला पुन्हा त्याच्या घरी घेऊन गेले. पण या वेळी आम्रपालीही बरोबर आली. न्हाणीघरात वाळूचा ट्रे ठेवला. गमछ्याखाली मेणकापड घातलं. सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला अडकवून त्याच्या मानेच्या कातडीखाली पाणी कसं द्यायचं, ते तिनं शिकवलं. आधी ती स्वतः यायची. मग पीयूषच ड्युटीवरून आला की बूट काढायच्या आधी बाटली अडकवू लागला. मथुराबाईंना गावी जावं लागलं, तेव्हा बोंडा गमछ्यासकट या व्हरांड्यात राहून गेला.

तो ती सगळी थंडी जगला. एका सकाळी बाल्कनीतल्या उन्हात, गमछ्यावर, मथुराबाईंचा हात अंगावर असताना गेला. आम्रपाली शेजारी होती. त्याला नेताना माझी गरज पडली नाही. गमछ्यातच नेलं.

काही दिवसांनी पीयूष एकटाच इथं आला. मी त्याच्या हातात होते, आणि माझं झाकण लागत नव्हतं.

"जुन्या क्वार्टरवर गेलो होतो, ताई," तो म्हणाला. "तिथल्या नवीन लोकांना सांगितलं, ये पेड मेरे बाबा ने लगाया है. त्यांनी स्वतः काढून दिल्या."

आम्रपालीनं शेंगांवरून हात फिरवला. "सगळ्या एकट्यानं आणल्या?"

"आई म्हणाली, रिकामी नको नेऊ."

आता मी म्हातारी झाले. माझा काठाचा रंग उडाला, बुडाशी प्रेमानंदानं तार बांधली आहे. चंपाला दाखवलं तर ती ओळखणारसुद्धा नाही. पण मला कांदे भरायला परत पाठवलं नाही, यातच सगळं आलं.

त्या दिवसापासून आम्रपाली पिल्लू देताना एक वाक्य जास्त सांगते. आत्ता बाहेर आली की तुम्हालाही सांगेल. "झांपीत भरायले काही नसलं, तं यालेच भरून आणजा. पण आणजा."

ते ऐकून माणसं हसतात. तुम्हीही हसा. पण लक्षात ठेवा. हे पिल्लू मोठं होईल, आजारी पडेल, तुमची बदली होईल, कोणी कंटाळेल. तेव्हा कोणत्या तोंडानं जाऊ, असं मनात आणू नका. हे दार बोलणी ऐकवायला उघडत नाही.

तो बघा, तुमचा ऑटो आला. झाकण थोडं उघडं ठेवा, त्याला तुमचा चेहरा दिसू दे. आणि घरी गेल्यावर मला कपाटावर टाकू नका. दाराजवळ, हाताशी ठेवा.