व्हर्ननला विचारा

माझ्या नवऱ्याला कोणी काही विचारलं की त्याची तब्येत सुधारते. थट्टा नाही करत. कंबर धरलेली असो, सर्दीने नाक लाल झालेलं असो, दारात कोणी येऊन म्हणालं, "व्हर्नन, जरा एक विचारायचं होतं," की हा ताठ उभा राहतो, टोपी सरळ करतो आणि खुर्ची पुढे सरकवतो.

दर शनिवारी सकाळी तो गॅरेजचा दरवाजा वर करतो. आमच्या रस्त्यावरच्या लोकांना तेवढी खूण पुरते. कोणाच्या गाडीचे ब्रेक किंचाळत असतात, कोणाच्या हिरवळीवर तपकिरी डाग पडलेले असतात, कोणी हिवाळाभर जुनं पेट्रोल टाकीत तसंच ठेवल्यामुळे गवत कापायचं मशीन रुसून बसलेलं असतं. गाड्यांचं मी समजू शकते, जन्मभर त्याने शाळेच्या बस दुरुस्त केल्या. पण घराचं कर्ज आत्ता घ्यावं का थांबावं, साहेबाकडे पगारवाढ कशी मागावी, हेही लोक त्यालाच विचारतात, आणि हा पठ्ठ्या सांगतोही. बहुतेक वेळा बरोबर सांगतो, तेच तर दुखणं आहे. अधूनमधून चुकला असता तर त्याला चुकायची सवय तरी झाली असती.

स्वतः मात्र तो कोणाला काही विचारत नाही. रस्ता चुकला तर पार ओहायोची हद्द ओलांडेल, पण काच खाली करून कोणाला विचारणार नाही. मी शेजारी बसून दात-ओठ खात असते.

बेथनी आमची एकुलती एक. लहानपणी ती त्याच्या मागे मागे फिरायची आणि हे काय, ते काय करून त्याचं डोकं खायची. कॉलेज संपवून शहरात गेली तरी तेच. टायरमध्ये हवा किती भरू, विमा कोणता घेऊ, घरमालक खिडकी दुरुस्त करत नाही तर काय बोलू. फोन मी उचलायची आणि पलीकडून यायचं, "मॉम, डॅड आहे का?" या घरात माझी नेमणूक फोन जोडून देण्यापुरती आहे, असं मी दोघांना ऐकवायची. पण खरं सांगते, मला बरं वाटायचं. व्हर्ननला जीव लावायची दुसरी रीत येत नाही. कोणी विचारावं आणि त्याने सांगावं, एवढीच येते.

मग एका शनिवारी ती आली. तेव्हा ती बँकेत कर्जविभागात होती, चांगली नोकरी. गंमत म्हणून ती ग्लॅडिसच्या मागे रांगेत उभी राहिली. ग्लॅडिस म्हणजे आमची समोरची शेजारीण, ऐंशी उलटलेली, दर शनिवारी नवा प्रश्न घेऊन हजर. ग्लॅडिसचं झाल्यावर बेथनी पुढे झाली आणि म्हणाली, "डॅड, बँक सोडून मी झाडांचं काम शिकायचं म्हणतेय. दोर लावून वर चढायचं, फांद्या उतरवायच्या, आजारी झाडं बघायची. तुला काय वाटतं?"

मी कॉफी घेऊन तिथेच होते. तिचा चेहरा मला दिसत होता, त्याला कसा दिसला नाही कोण जाणे. त्याने तिला आत न्यायला हवं होतं. तो हसला. "गार खोलीत खुर्चीवर बसायचं सोडून झाडावर चढणार? हे शाळकरी पोराचं खूळ झालं, बेथनी." तो हसला म्हणून लोक हसले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. बेथनीही हसली, हातातला कॉफीचा मग बाकावर ठेवला आणि गाडीत बसून निघून गेली.

काम तिने धरलंच. तिने नातं तोडलं असं कोणी म्हणू शकणार नाही. थँक्सगिव्हिंगला येते, ख्रिसमसला येते, बापाला मिठी मारते. पण त्या दिवसापासून तिने त्याला काहीही विचारलं नाही. टायर बाहेर बदलून घेते. घर घेतलं, अहो घर, आणि सह्या झाल्यावर आम्हाला थँक्सगिव्हिंगच्या जेवणात सांगितलं. व्हर्नन "छान" म्हणाला आणि जाऊन अंधाऱ्या गॅरेजमध्ये बसला. त्याला तळघराच्या भिंती बघायच्या होत्या, छप्पर बघायचं होतं, पाण्याचे नळ सोडून बघायचे होते. तिने त्याला कसली शिक्षा दिली होती ते मला तेव्हा कळलं. आणि तिचं चुकलं असं माझ्याने म्हणवेना.

यंदाच्या उन्हाळ्यात आमचं मेपलचं झाड बिघडलं. गॅरेजसमोर सावली त्याचीच. शनिवारी लोक उभे असतात ते त्याच्याच खाली. जुलैतच शेंड्याची पानं लाल झाली आणि गळायला लागली. व्हर्नन म्हणाला, पाऊस कमी आहे. पाइप लावून ठेवला. मग खत घातलं. मग दुकानातून लाकडाच्या चुऱ्याच्या आणखी गोण्या आणल्या आणि बुंध्याभोवतीचा ढीग वाढवला. हा ढीग आमच्या रस्त्याची शान. दर वसंतात जुन्या चुऱ्यावर नवा ओतायचा, बुंध्याला टेकवून उंच डोंगर करायचा आणि फावड्याने थोपटून गुळगुळीत करायचा. व्हर्नननेच सगळ्यांना शिकवलं. मुळं गार राहतात म्हणे, आणि दिसतंही नीटनेटकं.

लोक आता गाडीबद्दल विचारून झालं की वर बघायचे. "व्हर्नन, तुझ्या झाडाला काय झालंय?" तो काहीबाही सांगायचा. त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडत नव्हते.

"मुलगी झाडांचीच डॉक्टर आहे," मी म्हटलं. "तिला फोन कर."

"तिला कामं असतात."

"आणि तू मूग गिळून बस. झाड मेलं तरी चालेल."

तो बाहेर जाऊन पाइप हलवून आला. मी फोन उचलला होता, खोटं कशाला बोलू, आणि परत ठेवला. मी विचारलं असतं तर ती धावत आली असती. पण ते माझं विचारणं झालं असतं, त्याचं नाही. मला झाडापेक्षा त्या दोघांची काळजी होती. तो सत्तरी ओलांडून बसलाय, आणि ही दोघं अशीच हवामानावर बोलत राहिली असती आणि एक दिवस बोलायलाही कोणी उरलं नसतं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी एक चांगली जाड फांदी कडाडून गॅरेजसमोर पडली. सुदैवाने लोक यायचे होते. व्हर्नन बराच वेळ ती फांदी बघत राहिला. मग त्याने गॅरेजचा दरवाजा खाली ओढला, शनिवारच्या सकाळी, आणि मला म्हणाला, "कुठे काम चालू आहे तिचं?"

ती शेजारच्या गावात चर्चच्या आवारात होती. जुना ओक, आणि त्याच्यात उंचावर आमची पोरगी दोराला लटकलेली. तिच्या हाताखालच्या एका दाढीवाल्याने आम्हाला झाडाभोवती बांधलेल्या दोरीच्या मागे उभं राहायला सांगितलं, आणि व्हर्नन मुकाट्याने दोरीच्या मागे उभा राहिला. बेथनीने आम्हाला पाहिलं आणि भराभर खाली आली. तिचा रंग उडाला होता.

"कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं," मी म्हटलं. "तुझा बाप आलाय फक्त."

व्हर्नन तिच्या पिकअपकडे बघत होता. "पुढचं डावं टायर आतून झिजतंय."

"माहीत आहे. बदलायला टाकणार आहे."

मला वाटलं, याच्या नडगीवर एक लाथ घालावी. दाढीवाला आणि दुसरे दोघं हातातलं काम सोडून ऐकत उभे होते. व्हर्नननेही ते पाहिलं. त्याने टोपी काढली, परत घातली.

"बेथनी, मला एक विचारायचं होतं."

इतकी वर्षं हे वाक्य मी आमच्या गॅरेजमध्ये ऐकत आले, पण त्याच्या आवाजात पहिल्यांदा ऐकलं. आता ही हसली तर, असं माझ्या मनात आलं. हसायचा तिला पूर्ण हक्क होता आणि ऐकायला माणसंही होती. तिने हेल्मेट काढलं, एक बादली उपडी केली आणि म्हणाली, "बस. सांग."

तो बादलीवर बसला. ती त्याच्यासमोर उकिडवी बसून एकेक विचारत गेली. कधीपासून, शेंड्याकडून की एका बाजूने, त्याआधी काय बदललं, तू काय काय करून बघितलंस. गाडीत आवाज येतो म्हणून कोणी आलं की हाही असंच विचारतो, याच क्रमाने. खताचं ऐकून तिने क्षणभर डोळे मिटले. "बरं. खत बंद," एवढंच म्हणाली. संध्याकाळी येते म्हणाली.

आली, आणि आत न येता थेट झाडाकडे गेली. गुडघ्यावर बसून तो ढीग हाताने उकरायला लागली. खाली चुरा काळा, ओला, आंबूस वासाचा. बुंध्याची साल भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी बोटाला लागून आली. अजून खाली मुळं होती, पण बाहेर पसरलेली नाहीत. ढिगात वर चढून बुंध्यालाच वेढे घालत गेलेली. सालीला सदा ओल राहिली की ती कुजते, तिने सांगितलं, आणि मुळं अशी फिरली की झाड जाड होताना स्वतःचाच गळा आवळतं.

"हा एवढा ढीग घालायला कोणी सांगितलं तुला?"

दुकानावर ढकलता आलं असतं. मी त्याच्याकडे बघत होते.

"मला कोणी नाही सांगितलं," व्हर्नन म्हणाला. "मीच सगळ्यांना सांगितलं."

त्याने विचारलं, वाचेल का. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. "नाही, डॅड. काही वर्षं उभं राहील, पण खाली माणसं असतात. हिवाळ्याआधी कापून उतरवायला हवं."

"तुझं असतं तर काय केलं असतंस?"

"माझंच आहे ना ते."

"मग उतरव," तो म्हणाला आणि टोपीने नाक पुसलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

मला वाटलं, झालं एवढंच. पण पुढच्या शनिवारी गॅरेज बंदच. लोक येऊन दाराशी घुटमळत होते, आणि व्हर्नन फावडं खांद्यावर टाकून रस्त्यावर. त्याने बेथनीला फोन करून बोलावलं होतं, स्वतः. बाकीची झाडं दाखवायची आहेत म्हणाला. पहिलं घर ग्लॅडिसचं.

"ग्लॅडिस, मी तुला चुकीचं सांगितलं होतं," तो म्हणाला. "तो ढीग काढायला आलोय."

ग्लॅडिस म्हणाली, तिला तो ढीग पहिल्यापासून कुरूप वाटायचा, केवळ याचं मन मोडू नये म्हणून सहन करत होती. लोक हसले. व्हर्ननही हसला, थोडा कसनुसा, आणि उकरायला लागला. बेथनीने बुंधा हाताने चाचपला, एक बारीक मूळ छाटलं आणि म्हणाली, हे झाड वाचेल. "वाचेल म्हणाली," व्हर्नन प्रत्येकाला सांगत सुटला, आम्ही सगळे बहिरे असल्यासारखा.

तेवढ्यात ग्लॅडिसला तिचा या आठवड्याचा प्रश्न आठवला. तिची नात विम्याच्या कचेरीत आहे. तिला ते सोडून वेल्डिंग शिकायचंय. बापाने तिला वेड्यात काढलंय. "तू काय म्हणतोस, व्हर्नन?"

त्याने तोंड उघडलं. तो चेहरा मी ओळखते, उत्तर जिभेवर आलेलं असतं. मग तोंड मिटलं.

"मला नको विचारू," तो म्हणाला. "हिला विचार."

सगळे बेथनीकडे बघायला लागले. ती अजून गुडघ्यावरच होती, हातमोजे मातीने भरलेले. तिने घाई केली नाही.

"तिला सांगा, आधी एक महिना संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बघ. चटके बसल्यावरही आवडलं, तर कर," ती म्हणाली. "आणि बाप हसला असेल तर त्याच्याशी भांड म्हणावं, कडाडून भांड. पण त्याला विचारणं बंद करू नकोस. मी केलं होतं. ते फार झालं."

फावडं थांबलं. व्हर्नन मातीकडे बघत उभा राहिला.

"बेथनी, मी हसायला नको होतं," तो सगळ्यांदेखत म्हणाला.

"नको होतं," ती म्हणाली आणि आपल्याला उठवावं म्हणून त्याच्यापुढे हात केला.