डायलवरचा डाग

अनीश दुकानात शिरला तोच मोबाईलवर शूटिंग करत. मागून त्याची आई, विजयाताई. नमस्कार नाही, काही नाही. अब्बांच्या तोंडासमोर मोबाईल धरून तो म्हणाला, "बोला."

दोन दिवसांपूर्वी त्याने राहात्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं की बस स्टँडजवळच्या मोहियोद्दीन घड्याळवाल्याने माझ्या आजोबांच्या स्विस घड्याळाचे मूळ काटे चोरून डुप्लिकेट बसवले, डायलही डागाळून ठेवली, सावध राहा. सोबत घड्याळाच्या झाकणाचा आतून काढलेला फोटो. त्यात अब्बांनी सुईने कोरलेली खूण दिसत होती: मो. ३-८८. घड्याळ दुरुस्त करणारा झाकणाच्या आत आपली खूण आणि महिना-साल कोरतो, पुढे उघडणाऱ्याला कळावं म्हणून. अब्बांनी इमानाने नाव लिहून ठेवलं, आणि ह्याने ते चोराच्या बोटाचा ठसा म्हणून गावाला दाखवलं.

मोहियोद्दीन म्हणजे माझे अब्बा. वय अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षं ह्याच काउंटरमागे बसलेत. मी फरहीन, पंधरा वर्षं त्यांच्या शेजारी हेच काम करते. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून बारीक काम माझ्याकडे.

ग्रुपमध्ये हजारभर माणसं. दोन दिवसांत सात जणांनी दुरुस्तीला टाकलेली घड्याळं तशीच परत नेली. कुणाला गावाला जायचं होतं, कुणाला आता घाई नव्हती. तोंडावर एकानेही विचारलं नाही. विचारायला हिंमत लागते. घड्याळ उचलून न्यायला लागत नाही.

अब्बांनी आदल्याच दिवशी ठरवलं होतं, माफी मागून टाकायची. सदतीस वर्षांपूर्वीचं कुणाला काय आठवतंय, झाली असेल चूक म्हणू, हात जोडू, विषय संपवू. मी विचारलं, काटे तुम्ही बदलले होते का? नाही म्हणाले. मग माफी कसली? तर म्हणाले, दिवस कसले आहेत ते तुला कळत नाही. मला चांगलं कळत होतं. म्हणूनच माफी नको होती. आमच्यातला एक म्हातारा चोर आहे हे एकदा कबूल झालं, की ते त्या एका म्हाताऱ्यापुरतं राहत नाही.

अनीशला दोन गोष्टी हव्या होत्या, कॅमेऱ्यासमोर माफी आणि मूळ काटे. बंगळुरूचा कुणी जुन्या घड्याळांचा शौकीन ते विकत घेणार होता. त्याने फोटो मोठे करून पाहिले आणि हे काटे ह्या घड्याळाचे नाहीत म्हणून मागे फिरला.

अब्बा उठून उभे राहिले आणि हात जोडायला लागले. मी त्यांचा हात धरून खाली दाबला.

"आधी घड्याळ दाखवा," मी म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस. तुम्हा लोकांचं हेच असतं, बायकांना पुढे करायचं."

"घड्याळ दाखवा. शूटिंग चालू राहू द्या."

विजयाताई म्हणाल्या, दाखव रे. त्याने ते काउंटरवर जवळजवळ आपटलं.

मी भिंग डोळ्याला लावलं. बंगळुरूवाला खरं बोलला होता. काटे मूळ नव्हते. मी तसं स्पष्ट सांगितलं, तर अनीशने मोबाईल आपल्याच तोंडाकडे वळवून सगळ्यांना सांगितलं की ऐकलंत ना, त्यांच्याच तोंडून.

मी शटर अर्धं ओढलं आणि घड्याळावर मिनिटभर बॅटरी मारून बंद केली. काटे हिरवे चमकत राहिले. डायलवरचे आकड्यांचे ठिपके मात्र काळेच. हे साठ सालच्या आसपासचं घड्याळ. तेव्हा ठिपक्यांत आणि काट्यांत रेडियम भरायचे. इतक्या वर्षांत त्याची चमक मरते. म्हणजे डायल जुनी, खरी. काटे नवे.

"तेच तर बोंबलतोय मी दोन दिवस," अनीश म्हणाला.

"आणि हा डाग कसला?"

"तो तुझ्या बापाला विचार."

डायलवर दोन तपकिरी पट्टे होते. एक आखूड, चार आणि पाचच्या मध्ये. एक लांब, सातावर. मी चावी ओढून काटे चार पस्तीसवर आणले. दोन्ही काटे बरोब्बर त्या पट्ट्यांवर बसले. फक्त पट्टे जाड होते आणि काटे बारीक, त्यामुळे दोन्ही बाजूंनी डाग बाहेर डोकावत राहिला. अनीशच्या मोबाईलसमोर मी घड्याळ धरलं.

"रेडियमची चमक मरते, आच मरत नाही. काटे वर्षानुवर्षं एका जागी उभे राहिले की खालची डायल भाजते. चालत्या घड्याळात असा डाग पडत नाही, काटा फिरत असतो. हे घड्याळ चार पस्तीसला बंद पडलं आणि खूप वर्षं तसंच पडून राहिलं. तेव्हा त्याच्यावर जाड काटे होते. रेडियमचे. मूळ."

मग मी विजयाताईंना विचारलं, हे बंद कधी पडलं?

त्यांनी सरळ सांगितलं. विष्णुपंत गुरुजी, म्हणजे त्यांचे वडील, रोज सकाळी न चुकता चावी द्यायचे. दोन हजार तीन साली दवाखान्यात नेताना विजयाताईंनीच त्यांच्या मनगटावरून काढून कपाटात ठेवलं. गुरुजी परत आले नाहीत. त्यानंतर कुणी चावी दिली नाही. गेल्या दिवाळीत अनीशने मागून नेलं. एवढं बोलून त्या मुलाकडे बघायला लागल्या.

"म्हणजे अब्बांनी अठ्ठ्याऐंशीत परत दिलं तेव्हा काटे होते. कपाटात होते. दिवाळीनंतर गेले. दिवाळीनंतर घड्याळ कुणाकडे होतं?"

"मी फक्त पुण्यात पॉलिशला..." अनीश म्हणाला आणि थांबला. त्या पॉलिशवाल्याने झाकणात काही कोरलं नव्हतं. काटे काढून घेणारा नाव कशाला कोरेल?

अनीशने अंगठ्याने शूटिंग बंद केलं.

"चालू ठेव की," मी म्हणाले. इथून पुढे मी त्याला अहो-जाहो केलं नाही.

त्याने आमच्यासमोर ती पोस्ट काढून टाकली आणि गैरसमज झाला म्हणाला. मी म्हटलं, ज्यांनी वाचली त्यांच्या डोक्यातून कोण काढणार? जसं चोर म्हणून लिहिलंस, तसंच आता चोर नाही म्हणून लिही. विजयाताई म्हणाल्या, "झालं ना मुली आता, कशाला वाढवतेस? आमच्या घरातली गोष्ट बाहेर जाईल." आमचं नाव बाहेर गेलं तेव्हा त्यांना घर आठवलं नव्हतं.

आणि निर्लज्जपणा बघा. जाता जाता अनीशने दुकानाच्या लेटरहेडवर डायल आणि मशीन मूळ असल्याचं लिहून मागितलं. बंगळुरूवाल्याला दाखवायला.

मी लिहिलं. डायल मूळ. मशीन मूळ. काटे मूळ नाहीत, गेल्या दिवाळीनंतर बदललेले, त्या काळात घड्याळ अनीश यांच्या ताब्यात. अब्बांनी सही केली.

"शेवटची ओळ खोड," तो म्हणाला.

"मग डायलचाही शब्द मिळणार नाही."

कागद तिथेच टाकून दोघं गेले. मी त्या कागदाचा आणि आधीच काढून ठेवलेला डागाचा फोटो ग्रुपवर टाकला. चोरीच्या पोस्टखाली तीनशे जण बोलले होते. ह्याच्याखाली अकरा अंगठे आले. बोललं कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी अस्तगावहून लंकाबाई आल्या. रुमालात बांधलेलं, वारलेल्या नवऱ्याचं एचएमटी घड्याळ.

"चाचा, मालकाचं हाय. पोराच्या लग्नात त्येच्या हाताला बांधायचं हाय, तेवढं चालू करून द्या."

अब्बांनी घड्याळ हातात घेतलं, पण उघडलं नाही. मला म्हणाले, "फोटो काढ. बाईंच्या समोर. डायल, काटे, झाकण, सगळ्याचे. आणि त्यांच्याकडे पाठव."

"मी कुठं काय म्हन्ले, चाचा?"

"तुम्ही नाही म्हणालात. तरी काढू द्या."

मी काढले. लंकाबाईंचा मोबाईल बटणांचा, त्यावर फोटो जात नव्हते. अब्बा म्हणाले, मग स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आण, आणि बाईंच्या हातात दे. त्याशिवाय मी झाकण उघडणार नाही.