कॅल्शियम म्हणजे चुना

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात दुखण्याचे दोनच प्रकार असत: दिसणारं दुखणं आणि सोंग. बोट कापलं, पाय सुजला की सगळी आळी धावून येई. सगुणाच्या पायांना मात्र ना सूज, ना जखम. तळव्यांत निखारे ठेवल्यासारखी आग. लुगड्याचा काठ घासला तरी कळ. दोन वर्षं झाली. नवरा देवराम म्हणे, “सोंगं नको करू गो. मासळी विकायचा कंटाळा आलाय तर सरळ सांग.” हे तो मायेनेच म्हणे, म्हणून जास्त लागे.

कंटाळा कसला? तिला ओढ होती खाडीची. लहानपणापासून ती त्या चिखलात शिंपल्या वेचत आलेली. ओहोटी लागली की ओट्यावर बसल्या बसल्या तिला वाटे, गुडघाभर थंडगार चिखलात जाऊन उभं राहावं आणि आग निवेपर्यंत कुणी हाक मारू नये. एकदा, फक्त एकदा. पण चार पावलांत डोळ्यांत पाणी येई, आणि ओहोटीची भरती होऊन जाई.

शहाण्णव सालच्या थंडीत ती हट्टाने दवाखान्यात गेली. देवरामही गेला, सोंग पकडायला.

डॉक्टर हेमाताई नुकत्याच शिकून आलेल्या; ज्ञान अजून ओलं होतं. साखर तीनशेच्या पुढे निघाली. त्यांनी समजावलं, की मिठागराच्या बांधाला पाणी आत घ्यायची उघाडी असते ना, तशी नसांच्या पेशींना कॅल्शियम आत घेणारी दारं असतात. साखर वाढली की ती नको तेवढी उघडतात, असं उंदरांवरच्या अभ्यासात दिसतंय. मग विस्तव नसताना नस ‘आग, आग’ म्हणून बोंबलते. गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं, अनवाणी चालायचं नाही असं बजावलं.

एवढ्या व्याख्यानातून देवरामने एकच मासा पकडला: कॅल्शियम. आणि कॅल्शियम म्हणजे चुना, हे पान खाणाऱ्याला शिकवावं लागत नाही. घरी येताच त्याने मुरगळलेल्या पायाला लावतात तसा गूळ-चुना कालवला, कढत केला आणि तिच्या तळव्यांना थापला.

“भाजतंय का गो?”

“रोजच्यासारखंच,” सगुणा म्हणाली.

लेप खरवडला तेव्हा उजव्या टाचेची कातडी त्याच्याबरोबर आली. तिला कळलंही नाही.

दवाखान्यात जखम धुताना देवराम खालच्या आवाजात म्हणाला, “आता दिसतंय, डॉक्टरीणबाई. आता खरं वाटतंय.”

“दिसायच्या आधीही खरंच होतं, काका. उगाच ओरडणारी नस खऱ्या चटक्याला मुकी होते. मग जखम कळत नाही, चिघळते, आणि पाय कापावे लागतात. दोन वर्षांत तुम्ही एकदा तरी यांचा तळवा हातात घेऊन पाहिलात?”

चाळीस वर्षं माशाचा कल्ला उघडून ताजा-शिळा सांगणारा माणूस! बायकोचा पाय उचलून पाहायला त्याला सवड झाली नव्हती.

टाच भरायला चार महिने गेले. साखर उतरली, आग निम्म्यावर आली. पुरती गेली नाही. चिखलात उतरायला कायमची मनाई झाली. मग एका ओहोटीला देवरामने होडी चिखलाला लावली, सगुणाला चपलांसकट फळीवर बसवलं, स्वतः उतरला आणि ओंजळभर गार चिखल तिच्या हातांवर ठेवला.

“पायांना नाय, तर हातांना,” तो म्हणाला.

सगुणाने मुठी घट्ट आवळल्या. चिखल बोटांमधून ओघळत राहिला, आणि ती पाण्याकडे पाहत राहिली.

मंडळी, घरात कुणी ‘दुखतंय’ म्हटलं तर पुरावा म्हणून जखम मागू नका. रक्त तपासून घ्या. पण त्याआधी त्याचं ऐकून घ्या. दुखणाऱ्याचा शब्द हीच पहिली तपासणी.