जॅकलीनची गोळी

“कोळंबीच असणार, सिस्टर. गेल्या आठवड्यात माझ्या हातचं कालवण खाल्लं नि हिचा ओठ फुगला. तेव्हापासून मी कोळंबी बंदच केली,” जॅकलीन सांगत होती.

“मग आज काय खाल्लं?”

“आज? खबूस रोटी नि चहा.”

पडद्याआड आतिकाचा घसा सुजत चालला होता. आत डॉक्टरांची धावपळ चालली होती. सलमानिया हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पूर्णिमा ही पुण्याची नर्स भेटली म्हणून जॅकलीनला जरा हायसं वाटलं होतं. आपल्या भाषेत सांगितलं की दुखणं अर्धं झालं, असं आपल्याला उगीच वाटत असतं.

“औषध कुठलं चालू आहे का, ताई?” पूर्णिमानं विचारलं.

“तिला कुठलं औषध? माझी बीपीची गोळी, तेवढीच. मीच देते रोज.”

पूर्णिमानं गोळीचं नाव विचारलं आणि ते ऐकताच ती आत पळाली.

जॅकलीन वसईची, आतिका मोम्बासाची. दोघी आखातात, मनामाच्या एका हॉटेलात लाँड्रीत होत्या आणि जवळच अरादला एका खोलीत राहायच्या. आतिकाचं डोकं सारखं ठणकायचं. जॅकलीननं आपल्या मशीनवर तिचं प्रेशर मोजलं आणि आकडा बघून क्रूसाची खूण केली.

“क्लिनिक चल, आतिका.”

“नो, सिस्टर. अनफिट लिखेगा, तो व्हिसा खलास.”

भीती खरी की खोटी, कोण जाणे! लाँड्रीत सगळ्यांनाच ती होती. आणि आपल्या माणसांचा जगातल्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा गावच्या केमिस्टवर विश्वास जास्त. सुट्टीहून परतताना जॅकलीनच्या बॅगेत सुकेळी, सुका जवळा आणि वर्षभराच्या गोळ्या असायच्याच. खोलीत कुणाला ताप आला, पोट बिघडलं, की हिची बॅग उघडायची. मग प्रेशरची गोळी तेवढी लपवून ठेवायची? तिनं ती धाकट्या बहिणीला घास भरवावा तशी आतिकाला भरवली. ओठ सुजला तेव्हा कोळंबी थांबवली आणि गोळी मात्र न चुकता देत राहिली.

पूर्णिमा बाहेर आली, ती मान खाली घालूनच.

“ताई, खूप प्रयत्न केले. श्वासाची वाटच बंद झाली होती.”

जॅकलीन बाकावर बसली. “मी काय वाईट केलं, सिस्टर? मी पण तीच खाते. सात वरसं खाते.”

“तुम्हाला ती मानवते. रक्तात रेनिन म्हणून एक घटक असतो, तो आफ्रिकेतल्या बऱ्याच लोकांत कमी असतो. त्यांचं प्रेशर वेगळ्या तऱ्हेनं वाढतं, म्हणून नुसती ही गोळी त्यांना फारशी लागू पडत नाही. आणि अशी सूज यायचा धोका त्यांना जास्त. रक्त तपासल्याशिवाय, डॉक्टरला विचारल्याशिवाय...” पूर्णिमा थांबली. माणूस नुकतंच गेलेलं असताना अशी शिकवणी घेणं तिलाही जड गेलं असावं.

दुसऱ्या दिवशी मोम्बासाहून आतिकाच्या बहिणीचा फोन आला. फोनवर मागे म्हाताऱ्या आईचं रडणं ऐकू येत होतं. बहीण मोडक्या इंग्रजीत बोलत होती. आतिका तुझ्याबद्दल फार सांगायची, म्हणाली. मग जरा चाचरत तिनं विचारलं, आईलाही प्रेशर आहे, तुझी ती गोळी आईसाठी पाठवशील का?

गप्प राहता आलं असतं. गोळ्या संपल्या म्हणून सांगितलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

“नको,” ती म्हणाली. “आईला नको, तुलाही नको. त्या गोळीनंच आतिका गेली. मीच दिलेली.”

पलीकडे बहिणीनं ते आपल्या भाषेत आईला सांगितलं. रडणं थांबलं. शिव्या येतील, शाप येतील, म्हणून जॅकलीन फोन घट्ट धरून उभी होती.

मग म्हातारी काहीतरी बोलली. बहिणीनं ते इंग्रजीत सांगितलं.

“आई विचारतेय, तू पण तीच गोळी खातेस ना? तुला काही होत नाही ना, पोरी?”