चढत गेलेली शिरोरेघ

'वाचनालय' लिहायले पाच पत्रे लागतात. वा, च, ना, ल, य. एका पत्र्यावर एक अक्षर. पत्रा फूटभर लांब, फूटभर रुंद, अन् पाची पत्रे सागवानी चौकटीत शेजारी-शेजारी, मधात बोटभर फट ठेवून बसवाचे. अकोल्याच्या नव्या वाचनालयाचं हे काम माह्या बाबाले, म्हणजे अमरावतीच्या उत्तमराव पेंटरले भेटलं होतं. चौकट तिकडंच शालिकराम मिस्त्री करून राहिले होते. बाबाचे जुने दोस्त.

ऐन टायमाले बाबा तापानं पडले. खाटेवरूनच मले म्हणाले, "बेबी, पह्यला पत्रा पट्टीनं मोजून काप. बाकीचे चारी त्याच्यावरूनच काढजो. पाचवा कापेपर्यंत त्याले रंग लावू नको. समजलं का?"

"समजलं."

"काय समजलं?"

"पह्यल्यावरून काढाचे. किती डाव सांगता, बाबा? मी का लहान आहो?"

सोळा वर्साची होती मी. शाळा सोडून दोन वर्स झाले होते. भूमितीच्या बाई म्हणल्या, तुही रेघ वाकडी. म्या पट्टी लावून दाखवली, रेघ सरळ निंघाली, अन् मंग तेच पट्टी म्या फळ्यावर फेकून मारली. तवापासून माह्या डोक्यात पक्कं बसलं का आपली नजर चुकत नाही.

पह्यला पत्रा कापला, बरोबर बारा इंच. त्याच्यावरून दुसरा काढला. पण मले दम कुठं? अक्षर कसं दिसते ते पाहाचं होतं. 'वा' रंगवून टाकला. आता तिसरा काढाले गेली त 'वा' ओला. मंग 'ना' काढला 'च' वरून. 'च' रंगवला. 'ल' काढला 'ना' वरून, अन् 'य' 'ल' वरून. दर वेळी खियाच्या टोकानं काठाच्या भवताल रेघ ओढाची अन् रेघेच्या भायेरून कातर चालवाची. दरेक पत्रा मागच्याले लावून पाह्यला. सारखाच दिसे. शिरोरेघ सगळ्याईवर वरून दोन इंचावर. झालं काम.

शनिवारी मोटारीनं अकोल्याले गेली, पत्रे धोतरात बांधून मांडीवर. रविवारी उद्घाटन होतं. वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेब वकील अन् चार-पाच सभासद वसरीत उभे होते. शालिकरामकाकाच्या चष्म्याची एक काडी तुटली होती, तिथं त्याईनं दोरा बांधून कानाले अडकवला होता. चौकट जमिनीवर मांडली होती.

'वा' अलगद बसला. 'च' दाबून बसवला, तो मधात फुगला. 'ना' काही बसेना.

"काका, तुमची चौकट इकडून निमुयती झाली."

"नाही वं बाई. इकडून तिकडून बारा आहे. म्या तीन डाव मोजली."

"मंग पत्रा काहून नाही जाऊन राहिला? 'वा' गेला न? इकडं बारीक झाली, दिसून नाही राहिलं का तुमाले?"

"दिसते मले."

"काय दिसते? मले त इथून उभ्या उभ्या दिसते! डोये गेले अशीन त काम काहून घेता? घरी बसा न!"

कोणीतरी हासलं. बापूसाहेब हासले नाहीत. ते म्हणाले, "मिस्त्री, आतली बारा कपाटं तुम्हालाच सांगणार होतो. पण आता… बघू."

त्या 'बघू'चा अर्थ सगळ्याईले समजला. काकानं घडीची पट्टी उघडली, चौकटीवर ठेवली, अन् पार नाक टेकवून पाह्यलं. पुन्हा पाह्यलं. मंग हळूच म्हणाले, "अशीन बा. माहीच नजर चुकली अशीन." अन् पटाशी घेऊन चांगलं सागवान तासाले बसले.

उन्हानं रंग नरम होईन म्हणून म्या पत्रे चौकटीतून काढून सावलीत एकावर एक ठेवले. खाली 'य', सगळ्यात वरती 'वा'. अन् हात तिथंच थांबला. 'वा'च्या भवताल 'य'ची किनार दिसून राहिली होती. दोन बाजू मिळून अर्धा इंच. दर पत्रा मागच्यापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, मोठा. चार पत्रे, चार सूत.

माहे कान तापले. इकडं पटाशीचा आवाज चालू. आता बोलली असती त अर्धी चौकट वाचली असती. म्या पत्र्यावर धोतर झाकून टाकलं.

दुपारी काकाची बायको गंगूबाई भाकर अन् ठेचा घेऊन आली. मले वाढता वाढता म्हणे, "बरं झालं पोरी, तू होती. एरवी आमच्या यायले, नजर गेली म्हणून, सांगाव कोणं?"

म्या भाकर बाजूले सारली. काका जेवले नाहीत. पट्टी माह्या हातात देऊन म्हणाले, "बेबी, मी बोट ठेवतो, तू आकडा सांग. मले आता माह्यावर भरोसा नाही राह्यला."

डाव्या टोकाले म्या वाचलं, "बारा." उजव्या टोकाले, "बारा अन् चार सूत."

"हे तासल्यावर झालं. पह्यले इथं किती होते, ते आता कोणालेच नाही समजाचं."

"बारा होते, काका."

"तुले कसं मालूम?"

म्या धोतर काढलं. त्याईनं पाह्यलं नाही, अंगठा फिरवला काठावरून. एक, दोन, तीन, चार. "एकावरून एक काढले तुनं."

"हो."

"बापूसाहेबाले सांगशीन?"

"सांगीन." मनात वाटून राहिलं होतं का काका म्हणतीन, जाऊ दे पोरी. ते नाही म्हणाले.

त्याच सगळ्याईसमोर सांगतलं. माहा आवाज चिरकला. कोणी हासलं नाही, हासले असते त बरं झालं असतं. बापूसाहेबांनी पत्र्यांकडं पाह्यलं. "उद्या उद्घाटन आहे. आहेत तसेच बसवा." मंग काकाले म्हणाले, "मिस्त्री, सोमवारी या. कपाटांची मापं घ्या."

काका म्हणाले, "येतो. कोणाले तरी संग आणीन. मापाले दोघं असलेले बरे."

संध्याकाई पाटी वर चढली. 'वा'पासून 'य'पर्यंत शिरोरेघ सूत-सूत चढत गेली होती. रस्त्यावरून दिसे.

निंघताना म्या म्हणलं, "काका, तुमची नजर बरोबर होती."

"हो न," ते म्हणाले, अन् हातातली पट्टी पुन्हा डोयापाशी नेली.