परातीतलं लाल पाणी

तंजावरच्या मेलवीथीतल्या कल्याणमंडपात शुक्रवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. घरोघर केबल टीव्ही आलेलं हे शहर एका स्वामींपुढे माना डोलावत होतं. स्वामी पितळी परातीत बायकांचे पाय धूत आणि नितळ पाणी बघता बघता लालभडक होई.

"पाहिलंत? गर्भाशयातलं दुष्ट रक्त! ऑपरेशन नको, इंजेक्शन नको, फक्त भक्ती! आणि थोडी दक्षिणा!"

डॉक्टर शांभवी गर्दीतून वाट काढत पुढे आल्या, त्या शेजारच्या वेंकूबाईंसाठी. पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या वेंकूबाईंच्या लुगड्याला पुन्हा रक्त लागत होतं. पण आदल्या दिवशी परातीत त्यांचं पाणी स्वच्छ राहिलं होतं. "रोगच नाही," असं स्वामींनी सांगितल्यावर दवाखान्याचं नावही त्या काढू देत नव्हत्या.

पाच महिन्यांपूर्वी हीच तक्रार घेऊन वेंकूबाई त्यांच्याकडे आल्या होत्या. चौदाव्या वर्षी लग्न, सात बाळंतपणं. जोखीम पुस्तकात शिकवली होती तशीच्या तशी समोर बसली होती. पण विधवा बाईला आतून तपासू कसं म्हणायचं, म्हणून शांभवींनी "वयोमान" म्हटलं आणि टॉनिक लिहून दिलं.

"स्वामी, तुमचेही पाय धुते," त्या म्हणाल्या. पूजेच्या ताटातली हळद त्यांनी स्वामींच्या अंगठ्याला चोळली आणि त्यांच्याच तांब्यातलं पाणी वर ओतलं. परात लाल झाली.

"अय्यो! स्वामींनाही गर्भाशय!" कुणीतरी ओरडलं. मंडप हसून फुटायचा बाकी राहिला.

"या तांब्यात चुन्याची निवळी आहे," शांभवी म्हणाल्या. "लग्नात ओवाळायला आरत्तीचं पाणी कसं करता? हळद आणि चुना! तुम्ही रोज पायांना हळद लावता, चुना हे घालतात. जन्मभर स्वतः केलेलं पाणी तुम्हांला ओळखू आलं नाही?"

स्वामी दक्षिणेचा डबा आवरू लागले.

"मग माझं पाणी साफ कां राहिलं?" गर्दीतून वेंकूबाईंनी विचारलं.

"तुम्ही हळद लावत नाही, मावशी."

हसू थांबलं. वेंकूबाई हळूच म्हणाल्या, "होय की. त्यानं रांडावलेले पाय पाहिले. तू माझं कपाळ पाहिलंस. मज तपासलं कोणी?"

शांभवींची मान खाली गेली. "मी चुकले, मावशी. हा लबाडीनं चुकला, मी शिकून चुकले. आत्ता चला."

दवाखान्यात गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ दिसली. हात लागताच रक्त आलं. तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला. आता किरणांचे उपचार, बरं होण्याची आशा निम्मी.

"पाच महिने आधी कळलं असतं, तर?" वेंकूबाईंनी विचारलं.

शांभवींना खोटं बोलता आलं नाही. "आशा जास्त असती. तुम्ही तर आला होतात, मावशी."

तेव्हा बायांनो, पाण्याचा रंग बघत बसू नका. पाळी गेल्यावर, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, वास येणारं पाणी जाऊ लागलं, तर सधवा असा की विधवा, "मला तपासा" म्हणा. आणि डॉक्टरनं न तपासताच टॉनिक लिहिलं, तर तोही एक चमत्कारच समजा, आणि तिथल्या तिथे विचारा, न बघता कळलं कसं?