खेचरांच्या कंपनीचं निशाण

माझा मामा दवाखान्यात कंपाउंडर होता. तरुणपणी तळपाय सपाट म्हणून त्याला सैन्यात घेतलं नव्हतं. ती हौस त्यानं मोडीत निघालेल्या पलटणींची निशाणं जमवून भागवली. "घरात एका खिडकीला पडदा नाही, भिंतींना मात्र सगळं नेसवलंय," मामी कुरकुरायची. आणि कसर लागू नये म्हणून निशाणांच्या कपाटात डांबराच्या गोळ्याही तीच टाकायची.

सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले, की रविवारी मामाबरोबर जुन्या बाजारात फिरायचे. एकदा जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मामा बोलता बोलता थांबला. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर हिरवट कापड टाकलेलं होतं. त्यानं ते जरा सरळ केलं. मधोमध भरतकामात खेचराचं डोकं होतं, एका कानाचे धागे पार झडलेले.

"खेचरांची कंपनी," तो मला हळूच म्हणाला. "डोंगरातल्या चौक्यांना शिधा पोचवायची. किती वर्षं शोधतोय मी हे."

"न्या की काका, मशीनचं कव्हरच तर आहे," दुकानदार म्हणाला.

तेवढ्यात त्याची आई चष्मा पुसत आतून आली. "मशीन हवं तर न्या. ते कापड मिळणार नाही."

तिचे यजमान त्याच कंपनीत होते. डोंगरात रस्ते झाले, ट्रक आले आणि कंपनी बंद झाली. शेवटच्या दिवशी साहेबांनी निशाण त्यांच्या हातात ठेवलं. "घरी आले ते महिनाभर धड जेवले नाहीत. झोपेत हाका मारायचे. राणी, लाजरी, सुंदरी. मला वाटलं, या कोण बायका. मग कळलं, खेचरं."

मामा हसला. निशाण त्यानं पुन्हा मागितलं नाही. मला वाटलं, आता निघायचं. पण तो म्हणाला, "कान तेवढा भरून देऊ का? टाके घालायची सवय आहे मला."

"द्या. पण इथेच बसून."

पुढच्या रविवारी तो सुई-दोरा घेऊन गेला. म्हातारी कापड ताणून धरायची आणि खेचरांच्या गोष्टी सांगायची. तिचा मुलगा भांडी पुसायचं सोडून ऐकत राहायचा. माझी सुट्टी संपली तरी कान संपला नव्हता. घातलेले टाके मामा कधीकधी गुपचूप उसवायचा, हे मी पाहिलं होतं. "खेचर आहे की हत्ती?" मामीनं विचारलं, आणि एका रविवारी थर्मासमध्ये चहा घेऊन तीही गेली. मग तीही रमली.

आता मामा नाही, म्हातारीही नाही. मागच्या वर्षी मी त्या दुकानात गेले. दुकानदाराचे केस पांढरे झालेत. निशाण त्यानं काचेच्या चौकटीत लावलंय. नव्या धाग्याचा रंग जरा गडद आहे, त्यामुळे तो कान लगेच ओळखू येतो.

"बाबा घरी यातलं काही बोलायचे नाहीत," तो म्हणाला. "मला जे ठाऊक आहे, ते त्या रविवारांचं."

त्यानं माझ्यासाठी स्टूल पुसलं आणि एक गोष्ट सांगायला घेतली. धुक्यात वाट चुकलेल्या माणसांना लाजरीनं चौकीपर्यंत कसं आणलं, त्याची. मी ती कधी ऐकली नव्हती. मी परत गेल्यावरच्या एखाद्या रविवारची असावी.